छपरावरचे दगड

डोंगरकडा, ता. कळमनुरी
दि. २९ मे २०२५

चि. विश्वंभर यास,
नंदाताईचे आशीर्वाद.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, असं पत्रात सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू विशाखापट्टणमला सुखात असशीलच. परवापासून तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. फोनवर तू मधेच तोडतोस, "ताई, ऐकून तर घे" म्हणतोस, आणि शेवटी मीच ऐकत बसते. पत्राला मधेच तोडता येत नाही. आता तू ऐक.

आधी खुशाली. अण्णांचा खोकला थांबला. मी सुट्टीपुरती माहेरी आले होते, पण अजून महिनाभर तरी हट्ट्याला परत जाणार नाही. सासरी तसं कळवलंय, त्यांनी कुरकुर केली नाही. उत्तमराव काकांनी त्यांच्या स्लॅबच्या घरातली पुढची खोली आपल्याला राहायला दिली आहे. केळी सगळी आडवी झाली, पण ती गावात सगळ्यांचीच झाली. आई बरी आहे.

आता तुझ्या विम्याबद्दल.

दिवाळीत आला होतास तेव्हा ओट्यावर बसून तू अण्णांना चक्रीवादळाच्या गोष्टी सांगत होतास. समुद्रावरून वारा कसा येतो, तुमच्याकडचे लोक घराचा विमा कसा काढतात, छप्पर उडालं तरी कंपनी पैसे कशी भरून देते. पोरगा विमा कंपनीत साहेब, म्हणून अण्णा नुसती मान डोलवत होते. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? आपल्याकडे समुद्र नाही, पण दर उन्हाळ्यात वावटळ सुटते आणि कुणाचं तरी घर उघडं पडतं. काढ म्हणालो आम्ही विमा.

मार्चमध्ये तू हप्ता कळवलास आणि अण्णांचा चेहरा उतरला. तुझ्या खिडकीतून समुद्र दिसतो. त्या फ्लॅटला जेवढा हप्ता, त्याच्या तिप्पट आपल्या तीन खोल्यांना! मी विचारलं तर तू हसून म्हणालास, "ताई, कंपनी समुद्र बघत नाही, छप्पर बघते." म्हणजे ज्याच्या डोक्यावर स्लॅब त्याला स्वस्त आणि ज्याच्या डोक्यावर पत्रा त्याला महाग. ज्याला गरज जास्त त्यालाच भाव जास्त. हे दर ठरवणाऱ्या तुझ्या साहेबांना वैशाखात एकदा आपल्या घरात झोपवायला पाहिजे. वारा सुटला की पत्रे कसे वाजतात ते ऐकू दे त्यांना.

मग तू डोकं चालवलंस. अण्णांनी पाठवलेल्या फोटोत छपरावरचे दगड दिसत होते. तू तिकडे इतकी वर्षं राहिलास, विसरला असशील म्हणून सांगते. आपल्याकडे गरिबाघरी पत्रे ठोकत नाहीत, नुसते अंथरतात आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. आपल्या छपरावर नदीतले काळे दगड होते आणि आईच्या फुटक्या जात्याची तळी होती. तू फोनवर अण्णांना म्हणालास, "अण्णा, हे दगडच नडून राहिले. दगड दिसले की कंपनी त्याला सुटं छप्पर म्हणते. दगड काढा अन् फोटो पाठवा. पत्रे हुकानं आवळलेत असं मी लिहितो, हप्ता निम्म्याच्या खाली येतो."

दगड चांगले असं मी म्हणत नाही. पत्रा उचलला गेला की तो दगड खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो, हे आपल्या गावाला कुणी शिकवायला नको. पण माणूस आधी हुक बसवतो आणि मग दगड काढतो. तुला मात्र महिनाअखेर गाठायची होती, कारण तो दर तेवढ्यापुरताच होता. मिस्त्री काय, नंतरही येईल म्हणालास.

शेजारच्या जगनला घेऊन अण्णा वर चढले आणि एकेक दगड खाली उतरवला. फोटो काढल्यावर लगेच परत ठेवायचे होते. तू नको म्हणालास. तपासणीला माणूस कधीही येईल, दगड दिसले तर पॉलिसी रद्द होईल, म्हणालास. ते दगड अंगणात तसेच पडून राहिले. तपासणीचा माणूस आला नाही आणि मिस्त्रीही आज येतो, उद्या येतो करत राहिला. आई रोज संध्याकाळी वर बघायची आणि अण्णांना म्हणायची, "डोक्यावर वजनच न्हाई वो. मला तर झोप येऊन न्हाई राहिली." अण्णा तिलाच रागवायचे. "पोरगं शिकलेलं हाय. त्याला समजतं का तुला?"

अठरा तारखेला, रविवारी दुपारी वारा सुटला. अण्णा शेतात होते, घरात आई आणि मी. छप्पर उडालं हे तुला अण्णांनी सांगितलं. "कुणाला खरचटलंसुद्धा न्हाई," असंही सांगितलं. ते आईनं सांगायला लावलं. वर मी आई बरी आहे असं लिहिलं, तेही तिनेच अण्णांकरवी लिहायला लावलं. ती इथे समोर बसली आहे, पण तिला वाचता येत नाही, म्हणून आता खरं लिहिते.

मधल्या खोलीतला पत्रा वाजायला लागला तेव्हा ती खाटेवर चढली आणि दोन्ही हातांनी तिने पत्र्याची कड धरली. मला ओरडून म्हणाली, "नंदे, धर मला, धर!" मी तिच्या कमरेला मिठी मारली. वाऱ्याने आम्हा दोघींना खाटेवरून उचललं, विश्वा. मग पत्रा सुटला आणि आम्ही खाली पडलो. आईच्या उजव्या हाताची चार बोटं पत्र्याने कापून नेली. अंगठा राहिला आहे. नांदेडला नेलं, पण डॉक्टर म्हणाले, आता काही जोडता येणार नाही.

तू व्हिडिओ कॉल करतोस तेव्हा ती पदर पुढे घेऊन बसते. गेल्या आठवड्यात तू तिला म्हणालास, "आई, एवढ्या गरमीत काहून एवढा पदर घेऊन राहिली?" ती हसली. फोन बंद झाल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी म्हटलं, सांगू दे ना त्याला. तर म्हणाली, "नको. पोरगं जिवाला लावून घील. त्यानं भल्यासाठीच केलतं."

भल्यासाठीच! हा शब्द ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. स्वस्त हप्ता भल्यासाठी आणि मोकळं छप्परही भल्यासाठीच. यापुढे भाकरी थापायची असली, वेणी घालायची असली, तर ती कुणाच्या हातांनी?

आणि छप्पर उडाल्यावर तू काय केलंस? भेटायला आला नाहीस. फोनवरून अण्णांना खोटं शिकवलंस. नुकसान बघायला कंपनीचा सर्वेअर आला की सांगायचं, हुक होते, वाऱ्याने तुटले, तुटलेले भंगारवाल्याला दिले. अण्णा दोन दिवस पुटपुटत होते, "हुक व्हते, तुटले, भंगारात दिले." ज्या माणसाच्या शब्दावर गावातली बांधाची भांडणं मिटतात, तो माणूस पोरासारखं पाठांतर करत होता. मला बघवत नव्हतं, पण गप्प बसले. पावसाळा तोंडावर आहे आणि पैसे आल्याशिवाय छप्पर होणार नाही, हे मलाही कळतं.

मंगळवारी सर्वेअर आला. वयाने लहानच, बोलायला चांगला. अण्णांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि शेतातून गोळा करून आणलेले पत्रे उलटेपालटे करून पाहिले. मग हळूच म्हणाला, "बाबा, हुक बसवायला पत्र्याला भोकं पाडावी लागतात. या पत्र्यांना तर एकही भोक नाही."

अण्णा खाली बघत उभे राहिले. तुटले, तुटले, एवढंच पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, "मग मला लिहावं लागेल, घरमालकाने खोटी माहिती देऊन पॉलिसी घेतली." अण्णांनी सहीसाठी हात पुढे केला. मला वाटलं, हे आता मरेपर्यंत मान वर करणार नाहीत.

तेवढ्यात आई बाहेर आली. पदर तसाच हातावर. "लिवा साहेब, आमीच लबाड. दगड आमीच काढले, आमच्याच मनानं. आमच्या पोराचा काहीच संबंध न्हाई."

सर्वेअर थांबला. पोराचं तर त्याने काही विचारलंच नव्हतं. "कोणता पोरगा?" म्हणाला.

आईने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनीच नको म्हणाली. अण्णांच्या हातात पेन होतं. त्या दोघांच्या मधे मी उभी होते आणि मी सांगितलं. विश्वंभर संतराम गावंडे, तुमच्याच कंपनीत, विशाखापट्टणमच्या ऑफिसात. त्यानेच दगड काढायला लावले, हुक असल्याचं त्यानेच लिहिलं, आणि तुमच्यापुढे काय बोलायचं तेही त्यानेच शिकवलं. सर्वेअरने तुझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. अण्णांच्या हातातलं पेन मी काढून घेतलं.

पैसे आता मिळणार नाहीत. पत्र्यांचं काय करायचं ते मी आणि अण्णा बघू. तुला कंपनी बोलावेल, कदाचित हे पत्र पोचायच्या आधीच. नोकरी राहील का, मला माहीत नाही. मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं. लहानपणी तुला कडेवर घेऊन शाळेत नेलेलं आहे मी. तरी तो माणूस उद्या परत आला आणि त्याने परत विचारलं, तर मी परत सांगेन.

अण्णा माझ्याशी बोलतात. आई बोलत नाही. "पोराच्या पोटावर पाय दिलास," एवढंच म्हणाली. त्या दिवसापर्यंत मी तिला भरवत होते. आता माझ्या हातचा घास घेत नाही. डाव्या हाताने जेवते, वरण लुगड्यावर सांडतं, मी पुसायला गेले तर अंग चोरते. तुझ्यासाठी चाललंय हे सगळं, विश्वा. बोटं तिची गेली आणि राग तिचा माझ्यावर आहे.

फोन करू नकोस. पैसेही पाठवू नकोस. गाडीत बस आणि ये. तिच्यासमोर बस, पदर बाजूला कर आणि तो हात बघ. ती तुझ्या हातून जेवेल, मला माहीत आहे. तिला चार घास घाल. मग माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल.

तुझं नाव सांगितलेली,
तुझी सख्खी बहीण,
नंदा