मोकळ्या जागेतले ठोके

३ जून
वही, सात महिने तुला हात लावला नाही, माफ कर. पुणं सोडून उचगावच्या या छोट्या कारखान्यात आले. इथे दवाखान्यांसाठी हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर बनतात. त्यांच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, माझ्याकडे. खिडकीतून ऊस दिसतो. चाचणी करणाऱ्या अझीमनं पहिल्याच दिवशी बजावलं, "म्याडम, हितं मशीन बिघडलं की आदी एक चापट, मग कोड." खूप दिवसांनी हसले.

१६ जून
एका दवाखान्यातून एक मॉनिटर परत आला. बाळासो नावाचे पेशंट वारले, वायरी काढल्या, तरी पडद्यावर ठोके चालूच. कारण सापडलं. कर्नल मेमरीतली जागा मोकळी करतो, पण पडद्याचा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर वाचत राहतो. खोली सोडली, किल्ली परत केली नाही, असं. वेग कमी होतो म्हणून मोकळी जागा पुसायची नाही, हा इथला रिवाज. इथे आले त्याच आठवड्यात मीही त्यावर सही केली होती. न वाचता? नाही, वाचून.

१९ जून
दुरुस्त केलं. मोकळी जागा आता शून्यांनी भरते. अझीमचा जीव भांड्यात पडला. सोमवारी त्याच्या आईचं, खतिजाबींचं ऑपरेशन आहे, तेही मॉनिटर जिथून आला त्याच दवाखान्यात, आणि तिथे हा एकच मॉनिटर.

२० जून
वायरी नाहीत. तरी पडद्यावर मिनिटाला बहात्तर ठोके. मेमरी तपासली: सगळी शून्यं, आणि मधेच ठोके. बाळासोंच्या जुन्या नोंदींशी जुळत नाहीत. आत्ताचे आहेत. मी थकलेय. चूक माझीच असणार.

२१ जून
पुसण्याच्या बटणाकडे बोट नेलं. एकशे दहा. मागे घेतलं — हळूहळू बहात्तर. पुन्हा नेलं. एकशे चाळीस.
अझीमनं पाहिलं. थट्टा केली नाही. "पुसा की म्याडम. आईचं थांबलं आन् हे चालूच ऱ्हायलं, तर कळायचं कुणाला?"
खरं आहे. पण जे घाबरतं ते —

२२ जून
पुसायला हात उठला नाही. अझीमला खोटंच सांगितलं, पुसलं म्हणून.
सांगितलं आणि पडदा सपाट झाला. आपोआप. श्वास रोखून धरावा तसा.
तो खुशीत मॉनिटर दवाखान्यात घेऊन गेला. त्याला खरं सांगायला मी फोन दोनदा उचलला, ठेवला.

उद्या, ऑपरेशनच्या आधी: अझीमला सांगणे, की ते अजून —