पाहुण्यांची पोरगी

अण्णा, मागच्या रविवारी लातुरात, तुमचा क्लास होता त्याच रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये, मी केलेली शॉर्ट फिल्म दाखवली. आई-बापाचा घटस्फोट झालेल्या एका मुलीची गोष्ट आहे. ती मुलगी मी आणि बाप तुम्ही. घरातलं घरात ठेवायचं, ही तुमची शिस्त. ती मी मोडली. समजून-उमजून मोडली, आणि त्याबद्दल तुमची माफी मागायला हे लिहीत नाही.

सुरुवात भूकंपानंतरच्या मैदानापासून केली आहे. घरांना भेगा पडल्या म्हणून सगळी गल्ली मैदानात राहायला आली होती. आई लग्नाआधी नर्सिंग शिकलेली, पण तुमच्या घरात आल्यापासून दवाखान्याची पायरी न चढलेली. किल्लारीकडचे जखमी यायला लागले तशी ती कुणाला न विचारता सरकारी दवाखान्यात जायला लागली. संध्याकाळी ती थकून येते. तुम्ही तिच्या हातावर तांब्याने पाणी घालता, विटांच्या चुलीवरचा चहा तिच्यापुढे ठेवता. चार लोकांसमोर भांडता येत नाही म्हणूनही असेल, पण तुम्ही दोघं एका सतरंजीवर बसता आणि मी मध्ये. शेजारच्या बाया आपापल्या माणसांसाठी रडत होत्या आणि मी मात्र सुखात होते. मग आपण घरी परतलो. आईला आता नोकरीच करायची होती, तुम्हाला ती नको होती, आणि पुन्हा आवाज चढायला लागले. एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी म्हटलं, "अजून एकदा भूकंप व्हायला पायजे." तुम्ही ताट बाजूला सारलंत. "माणसं गाडली गेली तिकडं, अन् तुला भूकंप पायजे? लाज हाय का न्हाई?" का पाहिजे, ते विचारलं नाहीत. तेव्हा मला लाज वाटली होती. आता वाटत नाही. ते वाक्य फिल्ममध्ये जसंच्या तसं आहे.

आईला नांदेडजवळच्या अर्धापूरच्या दवाखान्यात नोकरी लागली. तुम्ही म्हणालात, "गेलीस तर परत येऊ नको." ती मला घेऊन नांदेडला गेली आणि परत आली नाही. कोर्टाचं सगळं झाल्यावर मी सुट्टीपुरती तुमच्याकडे यायला लागले. तोवर तुमचा क्लास भरभराटीला आला होता. उदगीर, उमरी, कुठून कुठून पोरं पेट्या घेऊन लातुरात खोल्या करून राहत होती. कुणाची आई आजारी आहे, कुणाला घरची आठवण येते, तुम्हाला सगळं ठाऊक. घरी मी एकटी कशी राहणार, म्हणून तुम्ही मला क्लासात शेवटच्या बाकावर बसवायचात. एकदा पुढच्या एका मुलाने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "सर, ही कोण?" तुमचा खडू फळ्यावर थांबला. "पाहुण्यांची पोरगी हाय. सुट्टीला आलीय." आणि तुम्ही पुढचं समीकरण लिहायला घेतलंत. क्लास सुटल्यावर मी जाब विचारला, तेव्हा म्हणालात, "ज्याला सोताचं घर सांभाळता येईना, त्याच्याकडं कोण पोरं ठेवील? तुला न्हाई कळायचं आत्ता." मला कळलं होतं, अण्णा. कळलं म्हणूनच पुढच्या सुट्टीत आले नाही, आणि त्याच्या पुढच्याही. तुम्हीही न्यायला आला नाहीत. नंतर तुम्ही गेल्याचा निरोपच आला.

फिल्मच्या शेवटी पडद्यावर माझं पूर्ण नाव येतं. माझं, मग तुमचं, मग आडनाव. आईने विचारलं होतं, "त्याचं नाव कशाला लावतीस?" मी म्हटलं, "माझंच आहे ते." ते नाव आलं आणि हॉलमध्ये कुजबुज झाली. तुमचा एक जुना विद्यार्थी उभा राहिला. आता त्याचाच मोठा क्लास आहे. "मॅडम, सर म्हणजे आमचे देव होते. गेलेल्या माणसाची अशी बदनामी करता? अन् सरांना मुलगी होती, हेच आम्हाला माहीत न्हाई!"

"तेच तर दाखवलंय," मी म्हटलं.

तो बसला नाही, म्हणून मीही थांबले नाही. म्हटलं, "तुमचे सर तुम्हाला राहू द्या. त्यांना कुणी हात लावत नाही. पण ते माझे वडील होते आणि मी त्यांची मुलगी आहे. हे लातुरात कधी कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते आहे." तो चहासुद्धा न घेता निघून गेला. जाऊ दे. नांदेडला परतताना सोबत आलेली आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "हातावर पाणी घालायचा तो. विसरले होते मी."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. बापाच्या भूमिकेसाठी मी ज्याला घेतलं, तो काही फार मोठा नट नव्हता. त्याचा आवाज तुमच्यासारखा होता. मुलीला सकाळी उठवायचा एक साधा प्रसंग होता, "ऊठ बाळा, उजाडलं" एवढंच म्हणायचं होतं. त्याने पहिल्याच वेळी ते बरोबर म्हटलं. तरी मी त्याला परत परत म्हणायला लावलं. कॅमेरा तर मी कधीच बंद केला होता.