व इतर

शनिवार, संध्याकाळ

डावा कान अजून वाजतोय. टीव्हीवरच्या त्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाची भागवार यादी करतोय, गायक-वादकांच्या नावांसकट. सतरावा भाग कुठेच मिळेना, म्हणून कोलशेतला, त्या कार्यक्रमात वाजवणाऱ्या ढोलकीवाल्या काकांकडे गेलेलो. मोठ्या कौतुकाने यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली.

"माजा नाव कुठं हाय रं?"

मी वादकांच्या नावांशेवटी लिहिलेल्या 'व इतर'वर बोट ठेवलं. फाडकन कानाखाली बसली. मग कॉलर धरून भिंतीवर आपटलं, पान टराटरा फाडलं.

"सगल्या भागांत मीच वाजवलाय! इतर तुजा बापूस!"

राग आला? आलाच. पण घरी येऊन पान चिकटवलं, 'व इतर' खोडलं आणि पेन अडलं. त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं.

उद्या परत जातो. उजवा कान आहे अजून.