इंजिनाचा मूळ रंग

२१ जुलै, सोम.
पुण्याचे केतकर साहेब जुनं पिकअप गॅरेजला सोडून गेले. माझ्या दुप्पट वयाचं. बॉडी मूळची. इंजिन मागाहून बसवलेलं, पण त्याच कंपनीचं, त्याच काळातलं. हट्ट एकच : इंजिनाला कारखान्यातून निघताना होता तोच रंग हवा. फोनवर जुन्या गाड्यांचा ग्रुप आहे, त्यात एक म्हणतो राखाडी, दुसरा म्हणतो शेंदरी. दोघेही शपथेवर. सा. म्हणाले, "तू खरवडून बघ."
बशीरमिस्त्री (गॅरेज त्यांचं) : "शेंदरीच मार. वर नारळ फोड."

२२ जुलै, मंगळ.
इंजिन डिझेलने धुतलं. वरचा थर काळा, विकण्यापुरता घाईत मारलेला. ब्रश घासून नंबर वाचला. परत वाचला.
हा नंबर मला पाठ आहे. बाबा बेपत्ता झाल्याच्या तक्रारीची प्रत घरी आहे, तिच्यात गाडीचा इं. नं. आहे. कागद विरतो म्हणून ती मी वहीत चार वेळा उतरवली. दुपारी घरी जाऊन ताडून पाहिला. सगळे आकडे तेच.
दिवाळीत अकरा वर्षं होतील. बाबा बर्फ आणायला गेले ते आले नाहीत. गाडीही नाही. दत्तामामा, आईचे भाऊ, म्हणाले गाडीसकट खाडीत गेला. शोध त्यांनीच थांबवायला लावला. आई अजून कुंकू लावते.
खाडीत गेलेलं इंजिन असं नसतं. आतून गंज

२३ जुलै, बुध.
केतकर सा. ना फोन. इंजिन कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून घेतलं, सहा वर्षांपूर्वी. त्याच्याकडे कुठून आलं? "अरे, भंगाराचा आजा-पणजा कोण विचारतो?"
मिस्त्रींना सांगितलं नाही. आईला नाही.

२५ जुलै, शुक्र.
ब्लॉकच्या बाजूला रुपयाएवढी जागा ओल्या वॉटर पेपरने घासली. मधे जास्त, कडेला कमी, म्हणजे थर गोल गोल उघडतात. दोन थरांमधे काजळीची रेघ असते, त्यामुळे रंग तोच असला तरी मोजता येतात. वरून : काळा एक. निळे तीन. हिरवे पाच. तळाला हिरवट राखाडी. पाण्याच्या पंपाखालीही तोच निघाला. कारखान्याचा तो. घासलेल्या जागेची रंगाची पपडी ब्लेडने अख्खी सोडवून घेतली.
हिरवे पाच बरोबर आहेत. बाबांकडे गाडी पाच वर्षं होती. नारळी पौर्णिमेआधी मामांची होडी रंगवून जे उरायचं ते बाबा इंजिनाला मारायचे. "तिला नवं लुगडं, मग हिने काय पाप केलंय?" होडी तेव्हा हिरवी होती.
ती निळी झाली बाबा गेल्याच्या पुढच्या वर्षी.

२६ जुलै, शनि.
निळा रंग कुठल्याही दुकानात मिळतो. मी उगाच

२७ जुलै, रवि.
मिरकरवाडा बंदरात मामांकडे गेलो. मासेमारी बंदीचे शेवटचे दिवस, होड्या वर ओढलेल्या. मामा रंग कालवत होते. होडीची केबिन अजून हिरवी. तिच्या डब्यात तळाला उरलेला हिरवा ते निळ्यात ओततात, फुकट काही घालवायचं नाही. म्हणून तसला निळा बंदरात दुसऱ्या कुणाचा नाही. खलाशी चेष्टा करतात, "तांडेल, रंग मारताय की शेवाळ?"
होडी एका जागी खोल खरवडली होती. तिथल्या जुन्या निळ्याला इंजिनाची पपडी लावून बघितली. उन्हात, मग सावलीत. पपडीची कड दिसेना.
"काय रे, काय चिकटवतोस?"
"काही नाही मामा. रंग बघतोय."
पपडी बघून मामांचा हात थांबला. काठी डब्यात तशीच.

३० जुलै, बुध.
सा. ना गाडी गणपतीत पुळ्याला न्यायची आहे. मिस्त्री ओरडले, "मेल्या, इंजिन आहे ते. रताळं सोलल्यासारखं काय करतोस?"
आज सगळा उतरवला. केमिकल लावलं की रंग सुरकुततो, मग पत्र्याने ओढायचा. निळा-हिरवा मिळून चिखल झाला. पपडी तेवढी ठेवली, नववीच्या कंपासपेटीत.

६ ऑगस्ट, बुध.
राखाडीचा दुसरा हात. छान बसला. बघवत नाही.

९ ऑगस्ट, शनि.
राखी. (नारळ काल झाला. आईने नारळीभाताचं बाबांचं ताट झाकून ठेवलं, दरवर्षीसारखं.)
मामा आले. आई आत तबक करत होती. मामा माझ्या नखांतला राखाडी बघत होते.
"किती थर निघाले?"
इंजिनाचं मी त्यांना अक्षरही सांगितलं नव्हतं.
"निळे तीन."
मामांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग हळू, "तुझ्या बापाने शपथ घातली होती रे, कुणाला सांगू नको म्हणून. पौर्णिमेआधी निरोप यायचा, रंग धाड. कोल्हापूरच्या मासळीच्या गाडीवर डबा ठेवायचो. दुसरं कधी काही मागितलं नाही."
"का गेले?"
मामांनी ते ऐकलंच नाही. बोटांवर काहीतरी मोजत होते.
"तीन कसे? मी डबे चार धाडले."
आई तबक घेऊन आली. मामांनी हात पुढे केला.
"दादा, काय मोजत होतास?"
"वर्षं, बाय."

१० ऑगस्ट, रवि.
पपडी भिंगाखाली धरली. तीनच. घासताना एक गेला असेल? नाही. काळ्याच्या खाली लगेच काजळीची रेघ आहे, अखंड.
चौथा डबा पोचला की नाही. पोचला तर कुणी उघडला. तेव्हा इंजिन त्यांच्याकडे होतं का. तेव्हा ते
सा. नी इंजिनाचा फोटो ग्रुपवर टाकला. शेंदरीवाला अजून भांडतोय.
आई विचारत होती, मामा काल न जेवता का गेले? म्हटलं, सांगतो.
पपडी परत आत ठेवून कंपासपेटी टेबलावर उघडी ठेवली आहे. होडीचा निळा आईला कुठेही ओळखू येतो. पडवीतला केर काढून झाला तिचा. आता ही खोली.