डावीकडची सीट

सुबोध,

माझ्या कॅम्पर व्हॅनची डावीकडची सीट पुन्हा मागे सरकली आहे. गॅरेजवाल्या प्रितमने आज स्वतः पाहिलं. "मॅडम, एवढी मागे कोणी लंबूच घेणार," म्हणाला. त्याने तुला कधी पाहिलेलं नाही.

तू वारल्यावर दीड वर्षाने मी ही गाडी घेतली. विक्रोळीहून कन्याकुमारी, तिथून लेह, एकटीने जायला. आत बिछाना एकाचाच आहे. तुझ्या शेजारी बसून मी जन्मभर तुझ्याच रस्त्यांनी गेले. या वेळी कुठे वळायचं ते मी ठरवणार आहे.

संध्याकाळी तुझ्या धाकूकाकांनी गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या दोघांका सुखरूप परत हाड."

मी 'होय म्हाराजा' म्हणता म्हणता थांबले. "काका, मी एकटीच चाललेय."

काका काचेतून आत बघत राहिले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लख्ख दिसतं.

"मगे तेका खाली उतरव गो," म्हणाले. "पट्टो बांधून बसलो आसा."

उद्या उजाडताच निघणार होते. आता आधी प्रितम येईल आणि ती सीट उचकटून काढेल.

तोवर उतर.

सुगंधा