तेल घातलेली कणीक

घोडेगाव,
रविवार

प्रिय धनश्री,

पत्र बघून हसशील. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला माणूस एवढं लिहायला बसलाय. फोन का केला नाही ते शेवटी सांगतो, आधी बातमी. काल नगरच्या स्पर्धेत मी वीस मिनिटं एकट्याने पखवाज वाजवला आणि जागचा उठलो नाही. यातलं शेवटचं तू दोनदा वाचशील, मला माहीत आहे.

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावल्याशिवाय आवाज घुमत नाही, हे तुला ठाऊक आहे. ती रोज मीच भिजवतो. काल आई हट्टालाच पेटली, आजची माझ्या हातची ने म्हणाली. डबा भरून दिला. आणि बरोबर अण्णांना धाडलं, कारण याचं डोकं फिरलं तर धरायला कुणीतरी पाहिजे म्हणे. बैलांचे सौदे करणारा माझा बाप, 'पोरगं शिक्षण सोडून बडवत बसलंय' असं बाजारभर सांगणारा. तो टोपी धुऊन पहिल्या रांगेत येऊन बसला.

चौथ्या मिनिटाला कणीक पुडीवरून घसरली आणि माझ्या मांडीवर पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. हाताला तेल लागलं तेव्हा कळलं. उन्हाळा आहे, वाळायला नको म्हणून माउलीने पोळ्यांना घालतात तसं चांगलं पळीभर तेल घातलं होतं, चवीला मीठसुद्धा. मागून एकजण ओरडला, "लाट आता पोळ्या." सगळा हॉल हसला. नियम असा की उठला तो बाद. माझे कान तापले, एक गुडघा वर आलासुद्धा. तेवढ्यात अण्णा पहिल्या रांगेतून म्हणाले, "बस खाली. कनीकच हाय ना, आनतो मी."

ते गेले आणि मी नुसत्या उजव्या हाताने वाजवत राहिलो. पेटीवाले काका भले, लय जराही हलू दिली नाही. अण्णा गेले होते मागे, स्पर्धकांचा स्वयंपाक चालला होता तिथे. तिथल्या बायकांनी विचारलं म्हणे, "किती पोळ्यांची मळायची, बाबा?" अण्णा म्हणाले, "पोळ्यांची न्हाई, पोराची." आणि परात ओढून स्वतःच बसले. ज्या माणसाने घरात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, त्याने कणीक मळली. पहिली पातळ झाली, मग पीठ वाढवलं. स्टेजवर आले तेव्हा टोपीपासून कोपरापर्यंत पांढरे. नव्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा हात पुडीवर ठेवला, कणीक दाबून बसवली आणि खाली न जाता माझ्या मागेच मांडी घालून बसले. मग माझा डावा हात पडला. धनू, तो 'धा' तू ऐकायला हवा होतास.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. अण्णा शुक्रवारी प्रमाणपत्र बाजारात नेणार आहेत. आईने तेलाचा विषय टाळला आणि उद्यापासून कणीक तुम्हीच मळा, हात चांगला बसलाय, असं अण्णांना सांगितलं.

येताना टेम्पोत अण्णांनी विचारलं, "वाजवताना सारखं दाराकडं कुनाला बघत हुतास?" मी सगळं सांगितलं. गॅदरिंगला तू अभंग गात होतीस, मी साथीला होतो, मागून कुणीतरी तुझ्यावर काहीतरी बोललं आणि मी पखवाज टाकून त्याच्या अंगावर धावलो. तू एकटीच गात राहिलीस. सबंध. मला तेव्हा वाटलं होतं, मी तुझ्यासाठी उठलो. काल अण्णा पाठीशी बसले तेव्हा कळलं की तुझ्यासाठी मी बसून राहायला हवं होतं. अण्णा म्हणाले, "फोनवर तू भांडशील. लिही." म्हणून लिहिलं. माझं चुकलं, धनू. पुढे कधी गाशील आणि साथीला कुणी नसेल, तर सांग. कणीक मी घेऊन येईन, बिनतेलाची.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझाच
हर्षल