कस नसलेल्या मातीतलं झाड

आबा, आज सातवीला शिकवताना मी फळ्यावर कीटकभक्षी, चिकट स्राव, पाचक रस, नत्र असे शब्द लिहिले आणि मुलांकडून मोठ्यानं म्हणून घेतले. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, यातला एकही शब्द येत नव्हता. पण तसलं झाड मला लहानपणी दाखवलंत तुम्हीच. माळावर पाणी झिरपतं त्या खडकापाशी मेंढरं थांबवून तुम्ही मला खाली बसवता आणि बोटाएवढ्या तांबूस रोपाला चिकटून तडफडणारं चिलट दाखवता. मी शाळेतली शहाणी. झाडं आपलं अन्न आपणच तयार करतात, म्हणून हुज्जत घालते. तुम्ही शांतपणे म्हणता, "हितल्या मातीत कसच न्हाई, माय. लोक रानात मेंढरं बसवून घेतेत ते कावून? लेंड्यांनी जमिनीला कस येतो. हितं कोण बसवणार? मंग ते बिचारं चिलटं खातंय."

बीडच्या विज्ञान प्रदर्शनात मी तेच रोप मांडलं होतं, तुम्ही जर्मनच्या ताटलीत मातीसकट आणून दिलेलं. तुमचंच बोलणं मी शाळेच्या शब्दांत घडाघडा म्हणून दाखवलं. परीक्षक खूश झाले. "हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. मी म्हणाले, "पुस्तकात आहे, सर." मला तुमची लाज वाटली होती, आबा. दुसरं काहीही कारण नव्हतं.

तुम्ही रागावला असतात तर मी सुटले असते. पण एसटीत तुम्ही उलट खुलून गेलात. "बुकात बी तसंच हाय व्हय?" असं मांजरसुंबा येईपर्यंत चारदा विचारलंत. घरी हातपाय धुऊन समोर बसलात आणि तो धडा वाचून दाखव म्हणालात. मी पुस्तक उघडलं, ओळींवरून बोट फिरवत वाचलं, की मातीत कस, म्हणजे नत्र, कमी असल्यामुळे ही वनस्पती कीटक पकडते. तुम्ही मान डोलावत होतात. "लिहिणारा लई शाना हाय," म्हणालात, "मेंढरं राखली असतेल त्यानं." पुढं किती वर्षं तुम्ही पाहुण्यारावळ्यांना त्या लिहिणाऱ्याचं कौतुक सांगत होतात, आणि मी शेजारी बसून ऐकत होते.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहायचा धीर होतोय. त्या धड्यात या झाडाचं फक्त चित्र होतं आणि त्याखाली नाव. त्याच्याबद्दल बाकी कोणीच काही लिहिलं नव्हतं, आबा. मी तुम्हाला तुमचंच वाचून दाखवत होते.